केसाहून बारीक फरक

मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या कुटुंबांकडे पाहिलं, तर कुणाच्या तरी मांडीवर एमआरआयचं ते भलंमोठं पाकीट हमखास असतं. मुलगा किंवा मुलगी अठरा-वीस वर्षांची. गेले काही महिने अभ्यासातून लक्ष उडालेलं, मित्रमैत्रिणी सुटलेल्या, झोपेचं वेळापत्रक उलटंपालटं झालेलं, आणि मधूनच ‘वर्गातली मुलं माझ्याबद्दलच कुजबुजतात’ असं काहीतरी. कुणीतरी सांगितलं म्हणून स्कॅन काढला आणि रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीत आलं : लक्षणीय दोष नाही. या एका ओळीचे घरात तीन अर्थ निघतात. वडील म्हणतात, ‘बघा, काही झालेलं नाही, अभ्यास टाळायची नाटकं आहेत.’ आत्या म्हणते, ‘मग बाहेरचं असणार, एकदा दाखवून आणू.’ आईला वाटतं, मशीनमध्येच गडबड असेल, दुसऱ्या सेंटरवर काढू.

दुसरीकडे विज्ञानाच्या पुरवण्यांत बातम्या येतात की, सायकोसिसचा आजार उघड होण्याआधीच मेंदूच्या रचनेत बदल सुरू झालेले असतात. मग रिपोर्ट खरा की बातमी? दोन्ही खरी. कशी, ते समजायला थोडं मागे जावं लागेल आणि थोडं गणितही करावं लागेल.

सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेला धागा सुटणं. कुणी नसताना आवाज ऐकू येणं हा भास. शेजारी आपल्यावर कॅमेऱ्याने पाळत ठेवतात अशी, कितीही पुरावे दिले तरी न हलणारी खात्री हा भ्रम. स्किझोफ्रेनिया हा या अवस्थेचा सर्वांत परिचित आजार, पण एकमेव नव्हे. तीव्र नैराश्यात, बायपोलरमध्ये, नशेतही सायकोसिस होतो. या साऱ्याचं मूळ मेंदूत असणार, हा संशय जुनाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी तरुणपणी सुरू होऊन माणसाला खचवत नेणाऱ्या या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांना त्याबद्दल शंकाच नव्हती. त्यांचे सहकारी अलॉइस अल्झायमर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. विस्मरणाच्या आजारात अल्झायमरना ठसठशीत खुणा सापडल्या आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं. स्किझोफ्रेनियात तसं बोट ठेवण्याजोगं काही हाती लागेना. मग मेंदूचा विषय मागे पडला. मधल्या काळात तर सगळं खापर आईच्या वागण्यावर फोडणारा सिद्धान्तही बराच मिरवून गेला. किती आयांनी त्या विद्वत्तेपायी स्वतःला दोष देत आयुष्य काढलं असेल, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

१९७६ साली चित्र बदललं. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी तेव्हा नव्यानेच आलेल्या सीटी स्कॅनखाली स्किझोफ्रेनियाचे जुने रुग्ण घेतले. मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्या पोकळ्या निरोगी माणसांच्या तुलनेत या रुग्णांत मोठ्या निघाल्या. कवटी तेवढीच, आतली पोकळी मोठी, म्हणजे भोवतालचा मेंदू तितका कमी. ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हा अहवाल मोजक्याच रुग्णांवर बेतलेला होता, पण पुढे एमआरआय आल्यावर तो फरक पुन्हा पुन्हा दिसत राहिला.

पण एक अडचण होती आणि ती साधी नव्हती. हे रुग्ण कित्येक वर्षं आजारी होते. वर्षानुवर्षांची औषधं, रुग्णालयातलं बंदिस्त आयुष्य, विड्या-सिगारेटी, निकृष्ट आहार, हे सगळं मेंदूवर उमटणारच. मग दिसलेला फरक आजाराचं कारण, आजाराचा परिणाम, की उपचारांची खूण? हे सोडवायचं तर आजार येण्याआधी माणसाला गाठायला हवं. आणि आजार कुणाला होणार हे आधी कळणार कसं?

पहिला मार्ग रक्ताच्या नात्याचा. जॉनस्टन पुढे एडिनबराला गेल्या. तिथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात त्यांनी आणि स्टीफन लॉरी यांच्या गटाने १६ ते २५ वयाची, निदान दोन नातलगांना स्किझोफ्रेनिया असलेली, पण स्वतः ठीक असलेली दीडशेहून जास्त मुलंमुली गोळा केली आणि वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. त्यांतल्या सुमारे वीस जणांना पुढे आजार झाला. इतक्या जवळच्या नात्यातही बहुसंख्यांना काही झालं नाही, हे आपल्याकडे लग्न जमवताना ‘घराण्यात आहे का’ असं विचारणाऱ्यांनी एकदा नीट वाचावं.

दुसरा मार्ग त्याच वर्षी मेलबर्नमध्ये उघडला. पॅट्रिक मॅकगोरी आणि अ‍ॅलिसन युंग यांनी तरुणांसाठी ‘पेस’ नावाचं केंद्र सुरू केलं. त्यांची युक्ती अशी की, नात्यापेक्षा लक्षणं बघायची. पूर्ण आजाराची नव्हे, उंबरठ्यावरची. तीन प्रकारचे लोक त्यांनी ‘अतिजोखीम’ या गटात धरले. ज्यांना सौम्य, अर्धवट लक्षणं आहेत. ज्यांना भास-भ्रम झाले पण आठवड्याच्या आत औषधाविना आपोआप गेले. आणि ज्यांच्या आईवडिलांत किंवा भावंडांत आजार आहे व ज्यांचं स्वतःचं रोजचं जगणं अलीकडे एकदम ढासळलं आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात थॉमस मॅकग्लाशन यांनी असेच निकष तपासणारं मुलाखतीचं साधन तयार केलं.

या मुलाखतीत नेमकं काय विचारतात? समजा, डॉक्टर म्हणतात, ‘बसमधले लोक तुझ्याविषयी बोलतात असं वाटतं म्हणालास. किती खात्री आहे? दहात किती?’ मुलगा विचार करून म्हणतो, ‘बसमध्ये असतो तेव्हा सात-आठ. घरी आल्यावर वाटतं, आपणच काहीतरी डोक्यात घेतलंय.’ सगळी मेख इथे आहे. त्याच्याकडे अजून स्वतःवर शंका घेण्याची ताकद शिल्लक आहे. ती असेपर्यंत तो उंबरठ्याच्या अलीकडे. ज्या दिवशी तो ‘दहापैकी दहा’ म्हणेल आणि त्यावरून वागायला लागेल, उदाहरणार्थ बसमधल्या माणसाला जाब विचारेल, त्या दिवशी गोष्ट वेगळी. मग डॉक्टर किती दिवसांपासून, आठवड्यातून किती वेळा, त्यामुळे काय काय बंद झालं, हे खोदून विचारत राहतात. मुलाखत तास-दीड तास सहज चालते. पाच मिनिटांत नंबर संपवणाऱ्या ओपीडीत हे जमणं कठीण, आणि हीच आपल्याकडची पहिली अडचण.

अशा निकषांत बसणाऱ्यांपैकी किती जण पुढे आजारी पडतात? मेलबर्नच्या सुरुवातीच्या अहवालात वर्षभरात सुमारे ४० टक्के असा आकडा होता. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा तीन वर्षांत ३६ टक्के आला. अलीकडचा, अधिक मोठा हिशेब तीन वर्षांत २५ टक्क्यांच्या आसपास आहे. आकडा उतरत गेला, याचं एक कारण म्हणजे केंद्रांचं नाव झालं तशी साध्या चिंतेची, नैराश्याची मुलंही तिथे येऊ लागली. काही जणांना वेळेवर मदत मिळाली, हेही एक कारण असावं. काही असो, चारांतल्या तिघांना सायकोसिस होत नाही. तरी ते तिघे अगदी ठणठणीत असतात असंही नाही; त्यांना मदत लागते, फक्त वेगळ्या कारणांसाठी.

आता स्कॅनकडे येऊ. मेलबर्नच्याच ख्रिस पँटेलिस यांच्या गटाने अतिजोखमीच्या ७५ जणांचे एमआरआय आधी काढून ठेवले आणि वाट पाहिली. त्यांतल्या २३ जणांना पुढे सायकोसिस झाला, ५२ जणांना नाही. जुने स्कॅन उघडून तुलना केली, तेव्हा आजारी पडलेल्यांच्या मेंदूत उजव्या बाजूच्या कानशिलामागच्या आणि कपाळामागच्या काही भागांत, तसंच मधल्या सिंग्युलेट पट्ट्यात करडा भाग, म्हणजे पेशींनी भरलेला थर, आधीपासूनच कमी होता. म्हणजे औषधं सुरू होण्याआधी, आजार दिसण्याआधी. २१ जणांचे दुसऱ्यांदा स्कॅन झाले. त्यांतले जे दहा जण मधल्या काळात आजारी पडले होते, त्यांच्यात डाव्या बाजूच्या काही भागांत आणखी घट दिसली. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला आणि या क्षेत्राची दिशाच बदलली. प्रश्न ‘मेंदू कसा आहे’ इथून ‘मेंदू किती वेगाने बदलतोय’ इकडे सरकला.

वेगाचा हा मुद्दा नीट कळायला किशोरवयाचा मेंदू काय करत असतो हे पाहायला हवं. लहानपणी मेंदूतल्या पेशी एकमेकींशी भरमसाट जोडण्या करून ठेवतात. या जोडण्यांना सिनॅप्स म्हणतात. पीटर हटनलोकर यांनी १९७९ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या या जोडण्यांची गणना प्रसिद्ध केली, तेव्हा लहान मुलाच्या मेंदूत मोठ्यांपेक्षा त्या कितीतरी दाट निघाल्या. वाढत्या वयात नको त्या काढल्या जातात, लागतात त्या पक्क्या होतात. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाल्याशिवाय बाग फळाला येत नाही. पण काडीवर किती डोळे राखायचे हा अंदाज चुकला, जास्तच छाटलं, तर हंगामच हातचा जातो. मेंदूची छाटणी कपाळामागच्या भागात सर्वांत शेवटी, म्हणजे विशीच्या पुढेमागे पूर्ण होते. आणि स्किझोफ्रेनिया डोकं वर काढतो तेही बहुतेकदा याच वयात.

आयर्विन फाइनबर्ग यांनी १९८२-८३ च्या सुमारास हा योगायोग नसावा असं मांडलं : आजाराचं मूळ या छाटणीच्या बिघाडात असू शकेल. बंगळुरूच्या निमहान्समध्ये शिकलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले मच्छेरी केशवन यांनी १९९४ मध्ये ही कल्पना पुन्हा ऐरणीवर आणली. पुरावा मात्र बराच उशिरा, वेगळ्याच दाराने आला. २०१६ मध्ये स्टीव्ह मॅककॅरोल आणि बेथ स्टीव्हन्स यांच्या गटांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की, ‘सी-फोर’ नावाच्या प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकाची काही रूपं स्किझोफ्रेनियाची जोखीम थोडी वाढवतात. आणि उंदरांत हेच जनुक सिनॅप्सच्या छाटणीत भाग घेतं. शरीरात जंतूंवर खूण करणारी यंत्रणा मेंदूत ‘ही जोडणी काढा’ अशी खूण करायला वापरली जाते, हे वाचून मला तरी पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

एवढं जुळून आलं की पुढचं वाक्य जिभेवर येतंच : ‘म्हणजे अतिजोखमीच्या मुलांचा मेंदू जास्त छाटला जातो आणि ते एमआरआयमध्ये दिसतं.’ इथे हात आखडता घ्यावा. एमआरआयला सिनॅप्स दिसत नाही. त्याला दिसतो तो करड्या थराचा आकार. तो कमी भरण्यामागे जोडण्या कमी होणं असू शकेल. पेशींच्या लांब तंतूंवर चरबीचं आवरण चढून खालची पांढरी सीमा वर सरकणं असू शकेल. सुजेशी निगडित बदल असतील, गांजा असेल. थर पातळ दिसला, इतकंच यंत्र सांगतं. का दिसला, ते आपण जोडतो.

औषधांचा प्रश्नही सोपा नव्हता. आयोवाच्या नॅन्सी अँड्रिअसन यांच्या गटाने २०११ मध्ये दोनशेहून अधिक रुग्णांचे अनेक वर्षांचे स्कॅन तपासून सांगितलं की, जास्त औषधं घेतलेल्यांत मेंदूच्या ऊतींची घट थोडी जास्त दिसते. त्याआधी माकडांना दीड-दोन वर्षं ही औषधं देऊन झालेल्या प्रयोगातही मेंदूचं वजन सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरलं होतं. हे वाचून कुणी घरातल्या रुग्णाच्या गोळ्या बंद करू नयेत. उपचारांविना राहिलेल्या सायकोसिसची किंमत फार मोठी असते, आणि औषधांचा फायदा-तोटा तोलणं हे डॉक्टरांबरोबर बसून करायचं काम आहे. पण संशोधकांसाठी याचा अर्थ असा की, औषध न घेतलेल्यांतही बदल दिसतो का, हे वेगळं दाखवावं लागणार. उत्तर अमेरिकेतल्या आठ केंद्रांच्या ‘नॅपल्स’ प्रकल्पाने ते केलं. टायरोन कॅनन यांच्या नेतृत्वाखाली २०१५ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात अतिजोखमीचे २७४ आणि निरोगी १३५ जण होते. सायकोसिस झालेल्या ३५ जणांत उजव्या कपाळामागच्या भागांत थर पातळ होण्याचा वेग इतरांपेक्षा जास्त होता आणि मेंदूच्या मध्यावरची तिसरी पोकळी जास्त रुंदावत होती. औषध न घेतलेल्यांतही तेच. शिवाय ज्यांच्या रक्तात सुजेची द्रव्यं जास्त, त्यांच्यात हा वेगही जास्त. इथपर्यंत गोष्ट चढत्या क्रमाने जाते.

मग मोठी बेरीज झाली. ‘एनिग्मा’ या जागतिक गटाने ३१ केंद्रांचे स्कॅन एकत्र केले. अतिजोखमीचे १,७९२, निरोगी १,३७७. मारिया याल्ब्रझिकोव्स्की आणि सहकाऱ्यांचा हा अहवाल २०२१ मध्ये आला. निष्कर्ष असा की, अतिजोखमीच्या गटात कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थराचा, जाडपणा बऱ्याच ठिकाणी सरासरीने कमी आहे. थराचं क्षेत्रफळ कमी नाही. मेंदूच्या आतल्या पेशीपुंजांचे, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसचे आकारही वेगळे नाहीत. हिप्पोकॅम्पसबाबत मेलबर्नच्या गटाने २००६ मध्येच तसं सांगितलं होतं. ज्या २५३ जणांना पुढे सायकोसिस झाला, त्यांच्यात फ्युसिफॉर्म, वरचं टेम्पोरल आणि पॅरासेंट्रल या भागांत जाडपणा आणखी कमी निघाला. पण फरक किती? केसाहून बारीक.

मोजमाप होतं कसं, ते जवळून पाहू. कॉर्टेक्सची जाडी सरासरी अडीच मिलिमीटर. एमआरआयचा एक ठिपका साधारण एक मिलिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा. म्हणजे जो थर मोजायचा तो जेमतेम दोन-तीन ठिपक्यांचा. ‘फ्रीसर्फर’सारखी संगणकप्रणाली प्रत्येक घडीतून दोन पृष्ठभाग आखते : एक करडा आणि पांढरा भाग भेटतात तिथे, दुसरा मेंदूच्या बाहेरच्या कडेला. मग लाखभर बिंदूंवर या दोन पृष्ठभागांतलं अंतर काढून मेंदूच्या प्रत्येक बाजूला ३४ भागांची सरासरी देते. सरासरीमुळे ठिपक्यापेक्षाही बारीक फरक पकडता येतो. पण त्याच कारणाने एखादी बारीक चूकही फरकासारखी दिसू शकते. उदाहरणार्थ, स्कॅन चालू असताना डोकं किंचित हललं तर कडा धूसर होतात आणि थर खऱ्यापेक्षा पातळ मोजला जातो. आता त्या धडधडणाऱ्या, अरुंद बोगद्यात कोण जास्त अस्वस्थ होईल, निवांत कॉलेजकुमार की आधीच भेदरलेला मुलगा? चांगले संशोधक हे ध्यानात घेऊन हललेले स्कॅन बाजूला काढतात. सगळ्यांनी काढले असतील याची खात्री जुन्या, छोट्या अभ्यासांबाबत देता येत नाही.

‘एनिग्मा’त दोन गटांतला सर्वांत ठळक फरक संख्याशास्त्राच्या पट्टीवर ०.१७ होता. प्रत्यक्षात तो मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागांच्या घरात जातो. आपल्या डोक्यावरचा केस यापेक्षा जाड असतो. याच आकड्याचा दुसरा अर्थ काढू. अतिजोखमीच्या गटातून एक आणि निरोगी गटातून एक अशी चिठ्ठ्या टाकून दोन माणसं निवडली आणि ज्याचा थर पातळ तो अतिजोखमीचा, असं दर वेळी सांगितलं, तर शंभरातून साधारण ५५ वेळा आपण बरोबर ठरू. नाणं उडवलं असतं तर ५० वेळा ठरलो असतो. हजारो माणसांच्या सरासरीत हा पाचाचा फरक पक्का आहे, नाकारता येत नाही. आणि समोर बसलेल्या एका मुलाबद्दल तो जवळपास काहीच सांगत नाही. २०२४ मध्ये याच गटाने आणखी एक तपासणी केली. वय आणि लिंगानुसार मेंदूचे नॉर्मल पट्टे आखून अतिजोखमीच्या १,३४० जणांचे आकडे त्यांवर ठेवले. बहुतेक सगळे नॉर्मल पट्ट्यातच बसले. रेडिओलॉजिस्टने ‘लक्षणीय दोष नाही’ लिहिलं ते बरोबरच लिहिलं होतं.

म्हणून बातमीच्या मथळ्यात ‘मेंदू आक्रसतो’ वाचलं की मी आधी दोन गोष्टी शोधतो. माणसं किती होती, आणि दोन गटांचे आकडे एकमेकांवर किती पसरलेले होते. या क्षेत्रात छोट्या अभ्यासांत मोठा दिसलेला फरक मोठ्या अभ्यासात आटतो, हे वारंवार झालं आहे. स्कॅनमध्येच नाही, उपचारांतही. व्हिएन्नात ८१ जणांवर माशाच्या तेलातल्या ओमेगा-थ्रीचा प्रयोग २०१० मध्ये इतका यशस्वी ठरला की सगळ्यांचे डोळे चमकले. २०१७ मध्ये ३०४ जणांवर, अनेक देशांत तोच प्रयोग झाला. काहीच फरक पडला नाही.

एकेका भागावरून गोष्ट रचण्याचा मोहही आवरावा लागतो. वरचं टेम्पोरल क्षेत्र बोलणं ऐकण्या-समजण्याचं, आणि आजारात आवाज ऐकू येतात. फ्युसिफॉर्म चेहरे ओळखण्याचं, आणि आजारात अनोळखी चेहरे धमकावणारे वाटतात. जुळणी सुंदर आहे. पण पॅरासेंट्रल भाग पायांच्या हालचालीशी निगडित, त्याचं काय करायचं? तो त्या गोष्टीत बसत नाही म्हणून लेखांतून गुपचूप गळतो.

मग संगणकाला शिकवलं तर? एकेक भाग अपुरा असला तरी शेकडो मापांचा मेळ घालून यंत्राला नमुना सापडेल. टोकियो विद्यापीठाच्या शिन्सुके कोइके यांच्या पुढाकाराने २०२४ मध्ये हा प्रयत्न झाला. २१ केंद्रांतले अतिजोखमीचे १,१६५ जण आणि १,०२९ निरोगी. पुढे सायकोसिस झालेल्यांचे स्कॅन निरोगी लोकांच्या स्कॅनपासून वेगळे काढायला यंत्राला शिकवलं. शिकवलेल्या माहितीवर ते ८५ टक्के अचूक निघालं, न पाहिलेल्या माहितीवर ७३ टक्के. या विषयातल्या आधीच्या प्रयत्नांच्या मानाने हे खरंच चांगलं आहे. मात्र प्रश्न कोणता सोडवला ते बघा : आजारी पडणारे विरुद्ध निरोगी. दवाखान्यातला प्रश्न वेगळा असतो. तिथे मदत मागायला आलेले सगळेच त्रासात असतात आणि त्यांतले कोण पुढे जाणार, हे विचारायचं असतं.

तरी ७३ टक्के धरून कागदावर हिशेब करू. केंद्रात १०० मुलं आली. त्यांतली २५ पुढे आजारी पडणार आहेत. यंत्र त्यांतली १८ ओळखेल, ७ निसटतील. उरलेल्या ७५ निरपराधांपैकी २० जणांवरही ते बोट ठेवेल. म्हणजे ज्या ३८ जणांना ‘धोका’ म्हणून शिक्का बसला, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांवर तो चुकून बसला. आता हेच यंत्र कुणी उत्साहाने कॉलेजच्या १,००० मुलांवर चालवलं, आणि त्यांतली समजा १० जण पुढे आजारी पडणार आहेत, तर ७ सापडतील आणि जवळजवळ २६७ जणांच्या कपाळी उगाच शिक्का येईल. आपल्याकडे तो शिक्का नोकरीपर्यंत, लग्नापर्यंत, भाड्याच्या खोलीपर्यंत पोचतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटाने स्किझोफ्रेनिया मराठी घरांत बोलण्याचा विषय केला, त्याला दोन दशकं उलटली. शिक्क्याची भीती तरीही पुरती गेलेली नाही. त्यामुळे कुठल्या सेंटरने ‘मेंदूचा धोका आधीच ओळखा’ म्हणून पॅकेज विकायला काढलं, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

मग डॉक्टर एमआरआय सांगतात तो कशाला? दुसरं काही नाही ना, हे पाहायला. तापाबरोबर अचानक बडबड सुरू झाली, फिट आली, वेळकाळाचं भान गेलं, एका बाजूची ताकद कमी झाली, सततची डोकेदुखी आहे, किंवा उतारवयात पहिल्यांदाच भास झाले, तर गाठ, रक्तस्राव, मेंदूज्वर असं काही असू शकतं. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ यांनी वर्णन केलेला एक आजार तर हमखास फसवतो : शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करते आणि एखादी तरुणी काही दिवसांत भासांनी, भ्रमांनी पछाडल्यासारखी दिसू लागते. घरचे तिला मांत्रिकाकडे नेतात किंवा थेट मनोरुग्णालयात. तिला लागतात ते न्यूरॉलॉजिस्टचे उपचार. गंमत म्हणजे या आजारातही एमआरआय बऱ्याचदा नॉर्मल येतो. निदान होतं पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत.

दवाखान्यातल्या त्या मुलाबाबत स्कॅनपेक्षा कामाची माहिती घरच्यांकडेच असते. झोप केव्हापासून बिघडली? मार्क कधीपासून उतरले? मित्रांचे फोन उचलणं कधी थांबलं? गांजा ओढतो का, किती? आणि सर्वांत मोलाचं म्हणजे, तो अजून स्वतःच्या संशयावर संशय घेतो का? ही माहिती तारखांसकट एका कागदावर लिहून नेली, तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. उंबरठ्यावरच्या अवस्थेत पहिला उपचार बहुतेकदा बोलण्याचा असतो. मनात आलेला संशय पुराव्याच्या काट्यावर कसा तोलायचा हे शिकवणारी सीबीटी, सोबत झोपेची घडी बसवणं, चिंता-नैराश्यावर इलाज, नशा सोडवणं. सायकोसिसच्या गोळ्या या टप्प्यावर सरसकट देत नाहीत. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास, मराठीतही.

संशोधन मात्र थांबलेलं नाही आणि थांबूही नये. एका स्कॅनवरून भविष्य वाचण्याचा नाद आता पुष्कळांनी सोडला आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मोठ्या भागीदारीत अनेक देशांतली मिळून अतिजोखमीची सुमारे दोन हजार तरुण मंडळी घ्यायचं ठरलं. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं, झोप आणि हालचाल मनगटावरच्या यंत्राने टिपली जाते, रक्त आणि लाळ तपासली जाते, मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवल्या जातात. एमआरआय एकदा सुरुवातीला निघतो आणि दुसरा दोन महिन्यांनी. त्या दोन महिन्यांत शतांश मिलिमीटरचा बदल पकडायचा, तो डोकं हलल्याने झाला की मेंदू बदलल्याने हे वेगळं काढायचं, आणि मग तीच माणसं दोन वर्षांनी कुठे आहेत त्याच्याशी ताडून पाहायचं, असा हा खटाटोप आहे.